नायकाचा आजार आणि आपले तर्क

मोबाईलच्या पडद्यावर दर आठवड्याला हप्त्याहप्त्याने येणाऱ्या चित्रकथांचे वेड आता आपल्या घराघरांत पोहोचले आहे. या कथांमध्ये एक युक्ती वारंवार योजिली जाते. नायक शूर असतो, तरुण असतो, साऱ्यांचा लाडका असतो आणि एके दिवशी त्याला काहीतरी होते. जिना चढताना त्याला भोवळ येते. रुमालावर रक्ताचा ठिपका दिसतो. एका चौकटीत तो औषधाची बाटली घाईघाईने खिशात लपवितो. त्याला काय झाले आहे ते चित्रकार सांगत नाही. पुढच्या हप्त्यातही सांगत नाही. मग वाचकांचे तर्क सुरू होतात. एकाला क्षय वाटतो, दुसऱ्याला कर्करोग. तिसरा विषप्रयोगाची शंका घेतो, तर चौथा म्हणतो की हे सारे ढोंग असून शत्रूला फसविण्यासाठी नायकाने रचलेला हा डाव आहे. येथे कळंब्यास तलावाच्या बांधावर सायंकाळी फिरावयास गेले असता महाविद्यालयीन मुलामुलींच्या घोळक्यांतून हीच चर्चा कानी पडते. बाटली उजव्या हातात होती की डाव्या, डोळ्यांखालचा रंग कोणत्या हप्त्यापासून बदलला, अशा बारीकसारीक खुणांवरून रोगाचे निदान चाललेले असते.

या खेळाला आमचा आक्षेप नाही. गोष्ट सांगणारा काही सांगतो आणि काही राखून ठेवतो. राखून ठेवलेले शोधण्याचा आनंद तो वाचकाला बहाल करीत असतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कोवाडच्या रणजित देसाई यांनी १९६२ साली 'स्वामी' ही कादंबरी दिली, तेव्हा थोरल्या माधवरावांना क्षय आहे आणि १७७२ साली थेऊरला त्यांचा अंत होणार आहे, हे वाचकाला आधीच ठाऊक होते. तेथे तर्काला वाव नव्हता. म्हणून वाचक निमूटपणे त्या पेशव्याच्या उशाशी बसून राहिला. आजची चित्रकथा रोगाचे नाव झाकून ठेवते आणि वाचकाला उशाजवळून उठवून गुप्तहेर बनविते. दोन्ही रीती आपापल्या जागी योग्यच आहेत. चित्रातल्या माणसाला आपल्या तर्काने ताप चढत नाही, त्याची सोयरीक मोडत नाही, त्याची नोकरी जात नाही.

आमचा आक्षेप आहे तो पुढच्या पायरीला. पडद्यावर कमावलेले हे कसब आता जिवंत माणसांवर चालविले जाऊ लागले आहे. एखादा नट बारीक दिसला, एखादा खेळाडू दौरा अर्धवट टाकून परतला, एखादा मंत्री पंधरवडाभर दिसला नाही, की त्याच्या छायाचित्रांवर तीच भिंगे रोखली जातात. हे झाले दूरचे. आपल्या गल्लीतली मुलगी सत्र अर्धवट सोडून वसतिगृहातून घरी आली की तिच्या आईच्या चेहऱ्यावरून निदान सुरू होते. रविवारच्या मिस्सेत आजाऱ्यांसाठी प्रार्थना होते, नावे वाचली जातात, आणि मंदिराच्या पायऱ्या उतरता उतरता त्या नावांपुढे रोगाची नावे जोडली जातात. हे सारे प्रेमापोटी व काळजीपोटी चालते, असे सांगण्यात येते. आमचे म्हणणे असे की, आजाऱ्याच्या शरीरावर तर्क चालविण्याने आजाऱ्याचे काहीच भले होत नाही, मात्र ज्यांना खरोखर जाब विचारावयास हवा ते त्या गोंधळात निसटून जातात. प्रश्न जरूर विचारावा. परंतु तो ज्याच्या हाती अधिकार आहे त्याला विचारावा, अंथरुणावर पडलेल्याला नव्हे. आणि हे कोल्हापूरकरांना कोणी बाहेरून येऊन शिकविण्याची गरज पडू नये. कारण या गावाने एका आजारी राजपुत्रावरचे तर्क पाहिले आहेत आणि त्यांचा शेवटही पाहिला आहे.

३० नोव्हेंबर १८७० रोजी कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज इंग्लंडहून परतत असताना इटलीतील फ्लॉरेन्स शहरी निवर्तले. त्यांचे वय अवघे वीस वर्षांचे होते. १८७१ साली भोसले घराण्यातील नारायणराव नावाच्या आठ वर्षांच्या मुलाला दत्तक घेण्यात आले आणि चौथे शिवाजी महाराज म्हणून तो गादीवर बसला. राजा अल्पवयीन, म्हणून कारभार इंग्रज सरकारच्या देखरेखीखाली. मुलगा वयात येऊ लागला, आता सत्ता त्याच्या हाती यावयाची, अशा सुमारास त्याच्या बुद्धीला भ्रम झाल्याची वार्ता बाहेर पडली. सरकारी बाजूने सांगण्यात आले की महाराजांना वेड लागले आहे. लोकांना ते पटेना. राजा शहाणा आहे, त्याचा छळ होत आहे, छळ करून त्याला वेडा ठरविण्यात येत आहे, असे गावोगावी बोलले जाऊ लागले. कारभारी रावबहादूर महादेव वासुदेव बर्वे यांच्याकडे बोट दाखविण्यात आले.

त्याच वर्षी, १८८१ च्या जानेवारीत, पुण्यास 'केसरी' आणि 'मराठा' ही पत्रे निघाली होती. बाळ गंगाधर टिळक आणि गोपाळ गणेश आगरकर हे पंचविशीतले तरुण त्या पत्रांतून कोल्हापूरच्या राजाची बाजू हिरिरीने मांडू लागले. बर्वे यांच्या हातची म्हणून सांगितली गेलेली, महाराजांविरुद्ध कारस्थान असल्याचे दर्शविणारी पत्रे त्यांच्यापर्यंत आली, आणि ती प्रसिद्ध झाली. बर्वे यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला. मुंबईच्या न्यायालयात ती पत्रे खरी ठरली नाहीत. संपादकांनी माफी मागितली. तरीही जुलै १८८२ मध्ये दोघांना चार महिन्यांची साधी कैद झाली. महात्मा जोतीराव फुले यांचे आणि या तरुणांचे विचार पुष्कळ बाबतींत जुळणारे नव्हते, तरी खटल्याच्या काळात त्यांनी आपले स्नेही रामशेठ उरवणे यांच्याकरवी जामिनाची सोय करून दिली. डोंगरीच्या तुरुंगातून १०१ दिवसांनी दोघे सुटले. आगरकरांनी त्या दिवसांवर पुस्तक लिहिले आणि शाळेतल्या मुलालाही आज तो आकडा पाठ असतो.

राजपुत्राचे दिवस मात्र कोणी पाठ केले नाहीत. १८८२ मध्ये कागलचे जयसिंगराव घाटगे राज्याचे रीजंट झाले आणि राजाला कोल्हापुरापासून दूर अहमदनगरच्या किल्ल्यात पहाऱ्यात ठेवण्यात आले. २५ डिसेंबर १८८३ रोजी, त्याच्यावर देखरेखीसाठी नेमलेल्या एका गोऱ्या शिपायाशी त्याची झटापट झाली व तीत त्याचा अंत झाला. वय वर्षे वीस. जगभरची मंदिरे त्या दिवशी गव्हाणीतल्या बाळाच्या जन्माचा उत्सव करीत होती, आणि एका आजारी तरुणाचे प्राण त्याची निगा राखण्यासाठी नेमलेल्या माणसाशी झगडताना गेले. पुढे मार्च १८८४ मध्ये जयसिंगरावांचे चिरंजीव दत्तक आले. तेच राजर्षी शाहू महाराज. त्यांचे नाव कोल्हापुरात प्रत्येक चौकात आहे, ते योग्यच आहे. त्यांच्या आधीच्या राजाची समाधी नगरास आहे, हे मात्र कोल्हापुरातल्या किती घरांत ठाऊक असेल?

आता या गोष्टीकडे जरा थांबून पाहावे. राजपुत्राच्या आजाराचे वाचक दोन पक्षांत विभागले होते. एका पक्षाने 'वेड' हा शब्द आधी ठरवून टाकला. एकदा तो शब्द ठरला की पुढचे सारे सोपे असते. राजा रागावला तर ते वेडाचे लक्षण. गप्प बसला तरी वेडाचे लक्षण. पहारेकऱ्याला प्रतिकार केला तर मग शंकाच नको. तुरुंगवत् जागी कोंडलेला कोणताही वीस वर्षांचा निरोगी मुलगा जसा वागला असता, तसे वागणेही त्याच्या बाबतीत रोग ठरले. दुसऱ्या पक्षाने 'कारस्थान' हा शब्द आधी ठरविला आणि त्याच लक्षणांतून कारस्थानाचा पुरावा काढला. राजा खंगला तर छळाने; बरळला तर त्याला काही पाजले म्हणून. एकाला राजा वेडा हवा होता, दुसऱ्याला तो संपूर्ण शहाणा हवा होता. तो आजारीही असू शकतो आणि त्याच वेळी त्याच्यावर अन्यायही होत असू शकतो, ही तिसरी शक्यता दोन्हींपैकी कोणाच्याच गोष्टीत बसत नव्हती. आजारी माणसाला न्यायाचा हक्क नसतो, असे तर दोन्ही पक्षांनी न बोलता गृहीत धरले नव्हते ना?

टिळक-आगरकरांचा आम्ही येथे अधिक्षेप करीत आहोत असे कोणी समजू नये. बलाढ्य सरकारच्या कैदेतल्या एका मुलाचे काय चालले आहे, हे विचारण्याचे धैर्य त्यांनी दाखविले, आणि तो प्रश्न बिनमोल होता. घोटाळा झाला तो प्रश्नाला तर्काचे उत्तर जोडल्याने. जी गोष्ट मनात आधीच तयार झालेली होती, तिच्याशी ती पत्रे इतकी चपखल जुळत होती की ती खरी असणारच, असे वाटून गेले. जो पुरावा आपल्या तर्काला नको इतका सोयीचा असतो, तो दोनदा पारखून घ्यावयास हवा. परिणाम असा झाला की न्यायालयात पत्रे पडली आणि पत्रांबरोबर मूळ प्रश्नही पडला. राजाला कोण सांभाळतो, कसे सांभाळतो, त्याला भेटावयास कोणाला मुभा आहे, त्याच्या पहाऱ्यावर वैद्यकीचे ज्ञान असलेला माणूस आहे की नुसता दंडुकेवाला, हे प्रश्न खोट्या पत्रांवाचूनही उभे राहू शकत होते. किंबहुना पत्रांवाचून ते अधिक भक्कम उभे राहिले असते. संपादक तुरुंगात गेल्यावर, माफी मागून झाल्यावर, त्या प्रश्नांना पूर्वीची धार राहिली नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्यानंतर दीड वर्षाच्या आत राजा गेला.

योगायोग असा की डोंगरीच्या तुरुंगातल्या त्या दिवसांत आगरकर एका नाटकाच्या भाषांतरात गुंतले होते. शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'चे हे भाषांतर १८८३ मध्ये, म्हणजे राजाच्या मृत्यूच्याच वर्षी, 'विकारविलसित' या नावाने प्रसिद्ध झाले. साहित्यातल्या ज्या नायकाच्या आजाराविषयी सर्वाधिक तर्क झाले असतील, तो हाच डेन्मार्कचा राजपुत्र. तो खरोखर वेडा होता की वेडाचे सोंग करीत होता, यावर चारशे वर्षे वाद चालू आहेत आणि कोणाचे काही बिघडलेले नाही. परंतु नाटक नीट वाचले तर एक गंमत दिसते. राजपुत्राला काय झाले आहे याचा तर्क करणारे पहिले लोक त्या नाटकातच आहेत. दरबारी पोलोनियस म्हणतो, माझ्या मुलीच्या प्रेमाने हा वेडा झाला. आई म्हणते, बापाचा मृत्यू आणि माझा घाईचा पुनर्विवाह, दुसरे काय असणार? पाळतीवर आणलेले मित्र म्हणतात, याला राज्याची हाव सुटली आहे. प्रत्येकाच्या तर्कात राजपुत्र थोडा आणि तर्क करणारा स्वतःच फार दिसतो. पोलोनियस तर आपले निदान सिद्ध करण्यासाठी पडद्याआड लपून ऐकत बसतो आणि तेथेच प्राणास मुकतो. ज्या राजाला खरे भय आहे, तो या साऱ्यांच्या तर्कांचा उपयोग करून घेतो आणि पुतण्याला वेडा ठरवून पहाऱ्यात परदेशी रवाना करतो. लोक आजाराचे कोडे सोडवीत बसतात आणि सत्ता आपले काम उरकून घेते. कोल्हापूर ते अहमदनगर हा प्रवास त्याच वाटेने झाला.

यावर कोणी म्हणेल, ही सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वीची राजेरजवाड्यांची कथा; आज तिचे काय? तर आपल्या रोजच्या भाषेकडेच पाहावे. महाराष्ट्रात शासनाची चार प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत: ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी. यांतल्या गावांची नावे आपल्या बोलण्यात शिव्या होऊन बसली आहेत. 'याला येरवड्याला पाठवा', 'ठाण्याला जागा आहे का पाहा', असे आपण हसत म्हणतो. कळंब्याचेही तेच. बाहेरगावच्या माणसाला कळंबा म्हटले की तलावाआधी मध्यवर्ती कारागृह आठवते, आणि 'कळंब्याची हवा' म्हणजे काय ते कोल्हापुरात कोणाला सांगावे लागत नाही. गावाचे नाव उच्चारले की निकाल लागला. ज्या घरातला मुलगा खरोखर येरवड्यास औषध घेतो, त्या घरातली आई हा विनोद ऐकून काय करीत असेल? ती पुढच्या वेळी औषध आणावयास अंधार पडल्यावर निघेल, किंवा निघणारच नाही. घरोघरी आजार झाकले जातात आणि उपचाराला उशीर होतो, त्याचे एक मोठे कारण रोगाची भीती नसून शेजाऱ्यांच्या तर्कांची भीती हे आहे.

कायद्याला हे कळले आहे. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा आजाऱ्याला आपल्या आजाराविषयी गुप्ततेचा हक्क देतो; उपचार घेत असलेल्याचे छायाचित्र वा माहिती त्याच्या संमतीवाचून प्रसारमाध्यमांना देता येत नाही. वैद्यकशास्त्रालाही हे एका जळजळीत अनुभवातून कळले. १९६४ साली अमेरिकेत अध्यक्षपदाच्या निवडणुकीत बॅरी गोल्डवॉटर उभे होते. 'फॅक्ट' नावाच्या नियतकालिकाने बारा हजारांहून अधिक मनोविकारतज्ज्ञांना पत्रे धाडून विचारले की हा गृहस्थ मनाने अध्यक्षपदास लायक आहे काय? १,१८९ तज्ज्ञांनी कळविले की नाही. त्यांनी गोल्डवॉटर यांना तपासले नव्हते; दुरून पाहिले होते, वर्तमानपत्रांत वाचले होते. गोल्डवॉटर यांनी दावा लावला आणि जिंकला. १९७३ साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या आचारसंहितेत नियमच घातला की ज्याला स्वतः तपासले नाही आणि ज्याची संमती नाही, त्याच्याविषयी जाहीर निदान करू नये. ज्यांनी आयुष्यभर त्या विद्येचा अभ्यास केला त्यांना जे वर्ज्य, ते आपण मोबाईलवरच्या एका छायाचित्रावरून करावे काय?

आमच्या म्हणण्यावर तीन आक्षेप घेतले जातील. तिन्हींचा विचार करू.

पहिला आक्षेप असा की, माणसे प्रेमाने विचारतात. विचारणेही थांबविले तर समाज कोरडा होईल. प्रेमाने विचारावे, याबद्दल दुमत नाही. परंतु प्रेमाचा प्रश्न कोणता? 'काय झालंय?' हा प्रश्न विचारणाऱ्याची भूक भागवितो. 'काय हवंय?' हा प्रश्न आजाऱ्याची गरज भागवितो. डबा पाठवावा, रात्री उशाशी बसावे, मुलाला शाळेतून आणावे, रक्त द्यावे. यांपैकी एकाही कामासाठी रोगाचे नाव ठाऊक असावे लागत नाही. ईयोबाच्या मित्रांची कथा आपण सारे जाणतो. सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ एक शब्द न बोलता जमिनीवर बसले, आणि तेवढे दिवस ते खरे मित्र होते. मग त्यांनी तोंड उघडले, त्याच्या दुःखाची कारणे शोधू लागले, आणि अखेरीस देवाचा कोप ओढवला तो कारणे सांगणाऱ्यांवर, विव्हळणाऱ्या ईयोबावर नव्हे. जन्मांध मनुष्य दिसताच शिष्यांनीही पाप कोणाचे, याचे की आईबापांचे, असा तर्क लढविला होता. प्रभूने तो वादच झिडकारला आणि त्या माणसाला दृष्टी दिली.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. राज्यकर्ता आजारी असेल तर जनतेला कळावयास नको काय? अवश्य कळावयास हवे. पण काय कळावयास हवे? त्याच्या जागी निर्णय कोण घेत आहे, सह्या कोण करीत आहे, अधिकाराची सूत्रे नियमानुसार कोणाकडे सोपविली आहेत, हे कळावयास हवे. हे सारे प्रश्न कचेरीला विचारावयाचे आहेत आणि कचेरीने त्यांची उत्तरे द्यावयास बांधलेले असावे. त्यासाठी कोणाच्या खोकल्याचे ध्वनिमुद्रण ऐकत बसण्याची गरज नाही. तर्कांचा बाजार गरम असला की कचेरीला फार बरे वाटते. लोक रोगाच्या नावावर भांडत बसले की सही कोणाची, हे विचारावयास कोणी उरत नाही.

कोठडीतल्या आजाऱ्याच्या बाबतीत तर ही गोष्ट जिवावर बेतते, आणि कळंब्यासारख्या कारागृहाच्या गावात राहणाऱ्यांना ती विसरता येत नाही. येशूसंघीय धर्मगुरू फादर स्टॅन स्वामी यांना ऑक्टोबर २०२० मध्ये रांचीहून अटक होऊन नवी मुंबईजवळच्या तळोजा कारागृहात आणण्यात आले, तेव्हा त्यांचे वय ८३ होते. त्यांच्यावरील आरोपांची चर्चा हा या लेखाचा विषय नाही. त्यांच्या आजारात गूढ काहीच नव्हते. त्यांना पार्किन्सनचा विकार होता. हात थरथरत, पेला धरता येत नसे. म्हणून नोव्हेंबरमध्ये त्यांनी न्यायालयाकडे पाणी पिण्यासाठी नळी आणि सिपर मागितला. तपास यंत्रणेने उत्तर देण्यास वीस दिवसांची मुदत मागितली. ५ जुलै २०२१ रोजी वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात, जामिनाची प्रतीक्षा करीत असता, ते ८४ व्या वर्षी निवर्तले. येथे तर्क कशावर करावयाचा? रोगाचे नाव साऱ्यांना माहीत होते. उत्तर हवे होते ते एवढ्याच प्रश्नाचे, की एका वृद्ध कैद्याला पाणी पिता यावे यासाठी वीस दिवस का लागावेत? १८८३ साली अहमदनगरच्या किल्ल्याच्या दारात असाच साधा, कोरडा, चिवट प्रश्न घेऊन कोणी उभे राहिले असते तर बरे झाले असते.

तिसरा आक्षेप असा की, घरचे लोक लपवितात म्हणून तर्क चालतात. त्यांनी मोकळेपणाने सांगावे म्हणजे झाले. हे म्हणजे खिडकीतून डोकावणाऱ्याने पडदा लावणाऱ्याला दोष देण्यासारखे झाले. सांगावेसे वाटेल त्याला, सांगावेसे वाटेल तेव्हा आजारी मनुष्य सांगेल. आपला आजार ही कित्येकदा त्याच्याजवळ उरलेली शेवटची मालमत्ता असते. शरीर वैद्यांच्या ताब्यात गेले, वेळ औषधांच्या ताब्यात गेला, पैसा रुग्णालयाच्या बिलात गेला. निदान स्वतःची गोष्ट स्वतःच्या तोंडाने सांगण्याचा अधिकार तरी त्याच्याकडे राहू द्यावा. आणि ज्या समाजात कान टवकारलेले नसतात, त्या समाजात माणसे आपणहून बोलू लागतात, हा सर्वांच्या पाहण्यातला अनुभव आहे.

तरुण वाचकांनी चित्रकथा खुशाल वाचाव्यात. नायकाच्या रुमालावरचा डाग कशाचा, यावर तलावाच्या बांधावर दिवेलागणीपर्यंत वाद घालावेत. चित्रकाराने तुमच्यासाठीच ते कोडे घातले आहे. परंतु शेजारच्या घरात दिवा रात्रभर जळताना दिसला, तर ते कोडे तुमच्यासाठी घातलेले नसते. तेथे दार वाजवून, काही हवे आहे काय, एवढे विचारावे; नको म्हटले तर परत यावे. आणि एखादा आजारी माणूस कोणाच्या ताब्यात असेल, मग तो ताबा कारागृहाचा असो, इस्पितळाचा असो, आश्रमाचा असो की श्रीमंत नातलगांचा असो, तर त्याचा ताबा ज्यांच्याकडे आहे त्यांना मात्र नाव घेऊन, तारीख मागून, लेखी विचारावे, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारीत राहावे.

यंदा नाताळच्या दिवशी मिस्सेनंतर आपण आजाऱ्यांच्या भेटीस जाऊ. त्याच तारखेला नगरच्या किल्ल्यात गेलेल्या वीस वर्षांच्या राजाचे स्मरण कोल्हापूरच्या ख्रिस्ती कुटुंबांनी मनोमन करावे, आणि आजाऱ्याच्या खोलीत शिरताना आपले तर्क पायताणांबरोबर उंबऱ्याबाहेर ठेवावेत, एवढीच आमची विनंती आहे.